ठिपके गेले, रोग गेला नाही
घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील माशांचे आजार

या पानावर आपण बहुधा गाईच्या कासेबद्दल, कोंबड्यांच्या मानमोडीबद्दल, नाहीतर सोयाबीन अवेळी पिवळे का पडते याबद्दल वाचता. आजचा विषय थोडा वेगळा आहे. उज्जैनपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही आपल्या शहरातील काही घरांत हल्ली समुद्रातील मासे काचेच्या टाकीत पाळलेले दिसतात. पाकिटातील मीठ पाण्यात विरघळवून समुद्र घरीच तयार करतात. मासे मुंबईहून प्लास्टिकच्या पिशव्यांत रात्रभराचा रेल्वेप्रवास करून येतात. हौस खर्चाची आहे, आणि एक मासा आजारी पडला की आठवडाभरात सगळी टाकी रिकामी होऊ शकते.

गेल्या फेब्रुवारीत फ्रीगंजमधील एका घरी हेच घडले. दोनशे लिटरची टाकी, त्यात दोन क्लाउन मासे व चार डॅमसेल सुखाने नांदत होते. घरच्या मुलाने एका शनिवारी निळ्या रंगाचा नवा टँग आणून थेट टाकीत सोडला. बुधवारी त्याच्या परांवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली. ती टाकीत ओतली. शुक्रवारी ठिपके दिसेनासे झाले. मुलगा मला म्हणाला, "फादर, बरा झाला!" मलाही ते खरेच वाटले. पुढच्या गुरुवारी सातही माशांच्या अंगावर ठिपके होते, आणि त्यानंतर दहा दिवसांत सात माशांपैकी एक पिवळ्या शेपटीची डॅमसेल तेवढी उरली. नंतर बाटलीवरचा कागद नीट वाचला, तेव्हा कळले की ते औषध गोड्या पाण्यातील माशांसाठी होते.

औषध चुकले हे तर खरेच. पण औषध ओतले नसते तरी ते ठिपके शुक्रवारी गेलेच असते. ही गोष्ट समजली तर या आजाराचे अर्धे काम झाले.

ठिपका म्हणजे काय?

हा पांढरा ठिपका म्हणजे फोड नव्हे. तो एका परजीवी प्राण्याचा मुक्काम आहे. त्याचे शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स. हे नाव ब्राउन या अभ्यासकाने १९५१ साली दिले. त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले होते. हा जीव एकपेशीय असून माशाच्या कातडीखाली व कल्ल्यांत शिरतो, तीन ते सात दिवस तेथे खातो आणि पोसतो. पोट भरले की तो आपणहून मासा सोडतो, बहुधा रात्रीच्या अंधारात. सकाळी दिवा लावावा तो मासा स्वच्छ! मालक देवाचे आभार मानतो, आणि रोग त्या वेळी खाली वाळूत नाहीतर दगडाला चिकटून बसलेला असतो.

तेथे तो स्वतःभोवती कठीण कवच करतो आणि आत त्याचे विभाजन सुरू होते. एकाची शंभर, दोनशे पिल्ले होतात. ती बाहेर कधी पडतील याचा नेम नाही. काही तीन-चार दिवसांतच फुटतात, पुष्कळशी चार आठवड्यांच्या आत; पण ७२ दिवसांनी फुटलेली कवचेही प्रयोगशाळेत नोंदली गेली आहेत. बाहेर पडलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरते. समुद्र अफाट असल्यामुळे तेथे बहुतेक पिल्ले अशीच मरतात. आपल्या टाकीत मात्र मासा कधीच हातभराहून दूर नसतो. म्हणून समुद्रात किरकोळ असलेला हा रोग टाकीत साथ बनतो.

आता औषधाचे पाहू. परजीवी कातडीखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, कवचात असताना तर नाहीच नाही. तो पाण्यात मोकळा पोहत असतानाचे काही तासच काय ते औषधाच्या हाती लागतात. म्हणून तीन दिवसांचा उपचार हा उपचार नव्हे. एकामागून एक फुटणारी प्रत्येक तुकडी सापडेपर्यंत औषध पाण्यात टिकले पाहिजे, म्हणजे सुमारे तीस दिवस. शेतकरी बंधूंना हे लवकर पटेल. अळी मारली तरी अंडी उरतात, आणि फवारणी कधी करायची हे अंडी केव्हा उबतात यावर ठरते.

गोड्या पाण्यातही असाच पांढरा ठिपका होतो. तो वेगळा परजीवी आहे. त्याला मीठ टाकून व पाणी थोडे गरम करून आवरता येते. खाऱ्या पाण्यातील परजीवीला मिठाचे काय कौतुक! पण दोघांचे रूप एकसारखे असल्यामुळे बाजारात घोटाळा होतो.

आधी श्वास मोजा

ठिपके ही उशिरा येणारी खूण आहे. मासा आजारी पडतो तेव्हा सर्वांत आधी त्याचा श्वास बदलतो. कल्ल्यांवरील झाकण मिनिटाला किती वेळा उघडते हे घड्याळ लावून मोजावे. प्रत्येक जातीची गणती निराळी असते, म्हणून मासा ठणठणीत असतानाच ती वहीत लिहून ठेवावी. पुढे ती दीडपट झाली की काहीतरी बिघडले आहे असे समजावे, मग अंगावर ठिपका असो वा नसो. डॉक्टर नाडी आधी पाहतात आणि औषध मागाहून लिहितात, तसेच हे आहे.

दुसरा प्रश्न असा: सगळे मासे एकदम आजारी पडले, की एकामागून एक? सकाळी उठून पाहावे तो सगळेच पृष्ठभागाशी तोंडे वर करून धापा टाकत आहेत, तर तो बहुधा रोग नव्हे. पाणी बिघडले आहे, प्राणवायू कमी पडला आहे, किंवा काही विषारी पदार्थ पडला आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि वीजही जाते. या माशांना २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरतो, आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते. अशा वेळी औषध ओतणे म्हणजे बुडणाऱ्याला काढा पाजणे. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा, आणि वीज जाताच तो लावावा.

माळव्याच्या उन्हाळ्यात आणखी एक फसगत होते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. पातळी उतरलेली पाहून पुष्कळजण पुन्हा खारे पाणी भरतात, आणि टाकी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते. उडून गेलेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानेच करायची असते. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम व इतर क्षारही लागतात. नळाचे पाणी घेतले तर त्यातील क्लोरीन आधी घालवावे. फोटोग्राफर मंडळी वापरत तो हायपो याला पुरतो.

अमोनियाचे वेगळे सांगायला हवे. माशांची घाण व उरलेले अन्न यांतून अमोनिया होतो. वाळूवर व फिल्टरमध्ये राहणारे उपकारक जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नवी टाकी आणून दुसऱ्याच दिवशी मासे सोडले, तर ते आपल्याच मूत्राच्या विषाने मरतात. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असतो, आणि सामू जितका वर तितका अमोनिया अधिक घातक. म्हणून गोड्या पाण्यात निभावते ते येथे निभावत नाही. अमोनिया तपासण्याची छोटी पेटी बाजारात मिळते. कोणतेही औषध घेण्याआधी ही पेटी घ्यावी. अमोनिया दिसला तर तितक्याच खारट व तितक्याच उबदार पाण्याने निम्मे पाणी बदलावे. पुष्कळदा आजार एवढ्यावरच थांबतो.

मखमली रोग व त्याचे भाईबंद

पाणी चांगले आहे आणि तरीही एकामागून एक माशाचा श्वास चढतो आहे, तर परजीवीकडे वळावे. त्यांत सर्वांत वाईट ॲमिलूडिनियम. याचेही वर्णन ब्राउन यांनीच १९३१ साली केले. इंग्रजीत याला मखमल म्हणतात, कारण अंगावर पिवळट सोनेरी भुकटी टाकल्यासारखी दिसते. ती पाहण्यासाठी खोलीतला दिवा मालवून बाजूने टॉर्च धरावी. पण भुकटी दिसेपर्यंत थांबू नये. हा रोग आधी कल्ल्यांत बसतो, त्यामुळे कित्येक मासे एकही खूण अंगावर न दाखवता मरतात. मासा उजेड टाळतो, पंपाच्या धारेत तोंड धरून उभा राहतो, खाणे सोडतो. दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. पांढऱ्या ठिपक्यात विचार करायला वेळ असतो. येथे त्याच संध्याकाळी काहीतरी करावे लागते.

खात्री करून घ्यायची तर नुकत्याच मेलेल्या माशाचा कल्ल्याचा तुकडा शाळेच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. पांढऱ्या ठिपक्याचा जीव केसाळ असतो व गरगर फिरतो; मखमलीचा जीव गोल, तपकिरी व जागच्या जागी असतो. तासाभराने पाहून उपयोग नाही. मासा मेला की परजीवीही निघून जातात.

नुकत्याच समुद्रातून पकडलेल्या क्लाउन माशांना आणखी एक रोग होतो. अंगावरून चिकट पांढरा स्राव सालीसारखा सुटू लागतो. त्यावर तांब्याचा उपयोग नाही, फॉर्मेलीन लागते. फॉर्मेलीनची वाफ माणसाला घातक असल्याने ते जाणत्या माणसाच्या हातूनच वापरावे.

चपट्या कृमींचे निदान फार सोपे आहे. काळ्या बुडाच्या बादलीत क्लोरीन घालवलेले गोडे पाणी घ्यावे. त्याचे तापमान व सामू टाकीइतकेच करून हवा चालू ठेवावी. त्यात मासा तीन ते पाच मिनिटे ठेवावा. कृमी असतील तर पांढऱ्या होऊन तिळासारख्या तळाशी पडतात. मासा कलंडला तर लगेच काढावा. या बुडीने कृमी पडतात, कल्ल्यांनाही थोडा आराम मिळतो. पण पांढरा ठिपका याने जात नाही, कारण तो कातडीखाली सुरक्षित असतो.

परांवर कोबीच्या फुलासारखी गाठ आली तर घाबरू नये. तो विषाणूचा आजार आहे, त्याला औषध नाही, आणि चांगले पाणी व चांगले अन्न मिळाले की बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. ही गाठ ब्लेडने कापू नये.

माणसांच्या कॅप्सूल फोडून टाकीत घालण्याची एक वाईट सवय पसरली आहे. अँटिबायोटिकने परजीवी मरत नाही, आणि फिल्टरमधील उपकारक जिवाणूंना मात्र झळ पोहोचू शकते. मग अमोनिया चढतो. लसणाचेही ऐकतो. लसणाच्या वासाने मासा दोन घास अधिक खाईल, पण त्याने हा रोग बरा होत नाही. लसूण आपण भाकरीबरोबर खावा.

मोरचुदाचा उपचार

पांढरा ठिपका व मखमल या दोहोंवर जुने व खात्रीचे औषध म्हणजे तांबे. द्राक्षबागवाले बोर्डो मिश्रणात घालतात तेच मोरचूद येथे कामाला येते. मात्र दुकानातील शेतीचे मोरचूद अशुद्ध असते, प्रयोगशाळेच्या प्रतीचे घ्यावे. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

तांबे मुख्य टाकीत कधीही घालू नये. कोळंबी, गोगलगाय, खेकडा, प्रवाळ यांना ते विष आहे. शिवाय शंख-शिंपल्यांची वाळू तांबे शोषून घेते, त्यामुळे माप टिकत नाही. म्हणून चाळीस ते साठ लिटरची साधी काचेची टाकी, तळाला वाळू नाही, लपायला प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे, हवेचा पंप, हीटर आणि जुन्या टाकीत मुरलेला स्पंजचा फिल्टर. एवढे रुग्णालय पुरते. सगळे मासे तेथे न्यावेत, ठिपके नसलेलेही.

पाण्यात दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम मोकळे तांबे असावे. त्याखाली परजीवी जगतो, फार वर गेले तर मासा दगावतो. एक ग्रॅम शुद्ध मोरचूद पाव लिटर पाण्यात विरघळवले की त्या द्रावाच्या एका मिलिलिटरात सुमारे एक मिलिग्रॅम तांबे येते. म्हणजे चाळीस लिटरच्या टाकीला सहा ते आठ मिलिलिटर. हे एकदम न ओतता दोन-तीन दिवसांत विभागून घालावे आणि तांबे तपासण्याच्या पेटीने रोज सकाळ-संध्याकाळ माप घ्यावे. बाजारातील तयार तांब्याच्या औषधांची मापे याहून निराळी असतात. त्यांना त्यांच्याच कागदावरचा हिशोब लावावा. अमोनिया मारणारे रसायन तांब्याबरोबर वापरू नये. अमोनिया वाढला तर पाणी बदलावे आणि नव्या पाण्यातही तेवढेच तांबे घालावे. पांढऱ्या ठिपक्याला तीस दिवस पूर्ण करावेत. मखमलीला निदान दोन आठवडे तरी लागतातच. मी तेथेही तीसच दिवस सांगेन.

तांब्याची धास्ती वाटत असेल तर पांढऱ्या ठिपक्यावर दुसरा उपाय आहे. पाण्याचा खारेपणा दोन दिवसांत हळूहळू उतरवून लिटरला १४ ते १५ ग्रॅमवर आणायचा आणि चार आठवडे तेथेच ठेवायचा. समुद्री माशाच्या शरीरातून पाणी सतत बाहेर झिरपते आणि ते भरून काढण्यासाठी तो खारे पाणी पितो. पाणी कमी खारट झाले की त्याचा हा श्रम हलका होतो, तर परजीवीची पुढची पिढी तगत नाही. मात्र खारेपणाचे माप अचूक हवे, सामू घसरू देता कामा नये, आणि शेवटी खारेपणा चढवताना आठवडाभर घ्यावा. मखमलीवर हा उपाय चालत नाही.

इकडे मासे रुग्णालयात असताना मुख्य टाकी माशांवाचून रिकामी ठेवायची. मघाचे ७२ दिवस आठवावेत. मी अकरा आठवडे धरतो. पंप, दिवा, गोगलगायी सगळे चालू ठेवायचे. एकही मासा नसल्यामुळे कवचातून निघालेली प्रत्येक पिढी उपाशी मरते. दोन्ही टाक्यांची जाळी वेगळी असावी, आणि एकीतला ओला हात दुसरीत घालू नये. उपचाराचे पाणी घरच्या मोरीत सोडावे. कुंडीत, शेताच्या पाटात किंवा क्षिप्रेत नको. मीठ काळ्या जमिनीला वाईट आणि तांबे नदीतल्या माशांना.

बाजारातून आणलेली गाय कोणी थेट गोठ्यात बांधत नाही. नव्या कोंबड्याही आपण काही दिवस वेगळ्या डालग्यात ठेवतो. माशाच्या बाबतीत मात्र पिशवी उघडून टाकीत सोडण्याची घाई होते. नव्या माशाने तीस दिवस त्याच छोट्या टाकीत काढावेत. मासाही पाहून घ्यावा. शक्य असेल तर समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा टाकीत जन्मलेला क्लाउन मासा मागावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशांच्या प्रजननाचे तंत्र आपल्या देशात बसवले आहे, आणि असे मासे टाकीला सरावलेले असतात. जिवंत प्रवाळ व समुद्री घोडा कोणी देऊ केला तर घेऊ नये. २००१ पासून दोन्हींना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

फ्रीगंजच्या त्या घरची डॅमसेल आम्ही चाळीस लिटरच्या टाकीत हलवली. पहिल्या दिवशी तिच्या श्वासाची गणती १४० होती. चौथ्या दिवशी तिने एक घास घेतला. तीस दिवस तांबे टिकवले. मुलाने रोज दोनदा माप घेतले, परीक्षेच्या दिवसांतही. तांबे संपल्यावरही तिला साध्या खाऱ्या पाण्यात तेथेच थांबावे लागले, कारण मोठ्या टाकीचे अकरा आठवडे मे महिन्यात भरले. मग ती परत गेली. आईचे म्हणणे होते की लगेच तिला सोबत आणावी; पण उन्हाळ्यात पिशवीतून मासे आणणे नको म्हणून पावसाची वाट पाहिली. जुलैत दोन क्लाउन मासे आले. ते छोट्या टाकीत पाइपाच्या तुकड्यात राहतात. काल एकविसावा दिवस होता. वहीत एकाची गणती ८४ आहे, दुसऱ्याची ८८. अजून नऊ दिवस आहेत.